ओन्नीची दोरी

दोरी खरी की पट्टी, हे ठरवायला रौतिओ घराण्याजवळ बुधवारी दुपारी चार तास होते. त्यातला पहिला तास त्यांनी निसू खाण्यात घालवला. वेलदोड्याचा हा गोड पाव पोटात गेल्याशिवाय या घरात कोणी भांडायला बसत नाही. नवरा ओन्नी गेला तेव्हा मर्तिकाला तर मुम्मूने दोन पाव जास्त भाजले होते, कारण भांडणात पाद्रीसुद्धा ओढला जाणार हे तिला आधीच ठाऊक होतं.

बसले होते ते घरी नव्हे. लार्च बे कॉलेजच्या आइस हॉकीच्या बर्फाच्या मैदानाच्या कडेला, खेळाडूंच्या लाकडी बाकावर, चौघं ओळीने. एका टोकाला रूबेन, अठ्ठावन्न वर्षांचा, एके काळचा कप्तान, मग प्रशिक्षक, आणि गेली पंधरा वर्षं नुसताच रूबेन. दुसऱ्या टोकाला त्याची धाकटी बहीण मार्ता. गेल्या ख्रिसमसपासून ही दोघं एकमेकांशी फक्त हवामानाबद्दल बोलत होती, आणि त्यातही त्यांचं एकमत नव्हतं. मध्ये त्यांची आई हेल्मी, ब्याऐंशी वर्षांची, जिला सगळं गाव मुम्मू म्हणायचं. आणि तिच्या शेजारी मार्ताची मुलगी सायमा, जिच्या मांडीवर भांडणाचं मूळ पडलं होतं: तागाच्या दोरीचं एक भेंडोळं आणि पोलादी मोजपट्टी.

समोर बर्फ पसरला होता, पांढराशुभ्र आणि कोरा. सायमाने सोमवारपासून थंड नळ्यांवर फवारा मारून पापुद्र्यावर पापुद्रा चढवला होता, काल त्यावर पांढरा रंग दिला होता. आता त्या पांढऱ्यावर रेघा ओढायच्या, मग पुन्हा पाणी, पुन्हा पाणी, शुक्रवारपर्यंत इंचभर जाडी. रेघा आज पाचच्या आत पडल्या नाहीत तर शनिवारी सामना नाही. कॉलेजचा मोडलेला संघ पंधरा वर्षांनी पुन्हा उभा राहत होता, विश्वस्तांच्या पाच विरुद्ध चार मतांनी, आणि ते पाचवं मत ज्याचं होतं तो गृहस्थ रोज सकाळी दाढी करताना आपलं मत बदलून बघत होता. त्याला निमित्त पुरे होतं.

"सांग पुन्हा एकदा," रूबेन म्हणाला. "सावकाश सांग. मी म्हातारा झालोय असं समज."

"समजायला कशाला हवं," मार्ता पुटपुटली.

सायमाने सावकाश सांगितलं. गोलरेघेपासून निळ्या रेघेपर्यंत साठ फूट हवेत. नकाशात साठ आहेत, नियमांच्या पुस्तकात साठ आहेत. सकाळी तिने पट्टीने मोजलं, खूण केली. मग आजोबांची दोरी ताणली, पहिल्या गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत. दोरी खुणेच्या चौदा इंच अलीकडेच संपली.

"नीट ताणली नसशील."

"आणखी ताणली असती तर तुटली असती, मामा. तीन वेळा मोजलं. दोन्ही टोकांना."

"मग पट्टी चुकीची आहे."

"पोलादी आहे ती."

"पोलाद थंडीत आखडतं."

"चौदा इंच?" मार्ता म्हणाली. "मग तुझी मोटार जानेवारीत केवढी होते रे? खिशात घालून फिरतोस वाटतं."

सायमाला हसू आलं होतं, ते तिने कॉफीच्या कपात बुडवलं. हसण्यासारखं काहीच नव्हतं. या बर्फासाठी ती अकरा वर्षं थांबली होती. आजोबांनी तिला शिकवलं होतं ते सगळं: फवारा किती उंचावरून मारायचा, पाणी किती कोमट घ्यायचं, बर्फाला कान लावून खालच्या कुठल्या नळीला सर्दी झालीय ते कसं ओळखायचं. ओन्नी रौतिओचा बर्फ म्हणजे काय होता, ते गावात कुणालाही विचारा. एकदा त्याने दारातून रबराची चकती सोडली आणि ती इतकी घसरत राहिली, की ती थांबायची वाट बघत तो घरी जाऊन जेवून आला. अशा माणसाची दोरी. मरायच्या आधी त्याने ती सायमाच्या हातात दिली होती आणि एक शब्दही बोलला नव्हता. त्या न बोलण्याचा अर्थ तिने आपल्या मनाने लावला होता: रेघा हिनेच ओढ.

इतकी वर्षं दोरी लागलीच नव्हती. सत्तावन्न साली मैदानाला नव्या फळ्यांचं कुंपण घातलं, तेव्हा ओन्नीने एकदाच दोरीने मापं घेतली आणि फळ्यांमध्ये खिळे ठोकले. त्यानंतर दर हिवाळ्यात खिळ्यापासून खिळ्यापर्यंत रेघ. या उन्हाळ्यात त्या फळ्या उतरवल्या, नव्या आल्या, आणि खिळे भंगारात गेले.

"शुक्रवारी हॉकी संघटनेचा माणूस मैदान तपासायला येणार आहे," सायमा म्हणाली. "त्याच्याकडेही पोलादी पट्टीच असेल."

"येऊ दे. ही दोरी दाखवेन त्याला." रूबेनने हात पुढे केला, पण सायमाने दोरी दिली नाही, आणि त्याने तो हात निसूच्या तुकड्याकडे वळवला. "या दोरीने मापलेल्या बर्फावर आम्ही सोळा सामने खेळलो. सोळाच्या सोळा जिंकले. त्या वर्षी कुणाच्या पट्टीने काही म्हटलं नाही."

ते मात्र खरं. त्या विजयाचा कापडी फडका आत्ताही कोपऱ्यात गुंडाळून ठेवला होता, शनिवारी पुन्हा छताला चढवायला: 'घरी अजिंक्य, १९५७-५८'. फडक्यावर जागा नव्हती म्हणून लिहिलं नाही ते असं, की त्याच वर्षी संघ बाहेरगावचे बारापैकी अकरा सामने हरला होता आणि बारावा हिमवादळाने रद्द झाला म्हणून वाचला. गावाने त्याची कारणं शोधून ठेवली होती. आधी बसच्या ड्रायव्हरला दोष दिला. तीन ड्रायव्हर बदलले, चौथा तर दारू न पिणारा मुद्दाम धुंडून आणला, तो रस्ताच चुकला. मग पोरांच्या डब्यातल्या मांसाच्या करंज्यांतून सलगम काढून टाकला. तरी हरले. शेवटी ठरलं की आपली पोरं मायाळू आहेत, त्यांना घराबाहेर करमत नाही.

"मामा, दोरी तेव्हा बरोबर असेल. मग इतकी वर्षं पडून पडून आखडली असेल," सायमा म्हणाली. तिला हे खरं असायला हवं होतं. असं असेल तर कुणाचंच काही बिघडत नव्हतं.

"बघ," मार्ता पटकन म्हणाली. "ते शक्य आहे. पट्टीने ओढून टाका आणि घरी चला. मला पाय गोठवून घ्यायचे नाहीत."

सायमाने आईकडे चमकून पाहिलं. मार्ता रौतिओ भांडण इतक्या स्वस्तात सोडून देते, हे तिने तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

रूबेननेही पाहिलं नसावं. तो उठला. "दोरी आखडलीय की नाही ते मला विचारा ना. मला दोरी नको नि पट्टी नको. निळी रेघ कुठे आहे ते माझ्या पायांना ठाऊक आहे. सत्तावन्नपासून मी तिच्यावर उभा राहिलो, आधी खेळत, मग शिकवत, तिच्याकडे पाठ करून. मागच्या फळीतला गडी रेघेकडे बघत नाही, पोरी. बघायला गेला की चकती सटकलीच. बावीस पावलं. डोळे मिटून."

"बस खाली, रूबेन," मुम्मू म्हणाली. दुपारभरात ती पहिल्यांदाच बोलली होती.

"नाही आई. एकदा दाखवतोच."

त्याने बुटांवर लोकरीचे मोजे चढवले, म्हणजे रंगाला ओरखडा नको, आणि पांढऱ्यावरून चालत गोलरेघेच्या खुणेशी गेला. टाचा खुणेला लावल्या. डोळे मिटले. सायमा बर्फावर उतरून बाजूने चालू लागली. सकाळी तिने दोन्ही जागी पेन्सिलीने बारीक फुल्या काढल्या होत्या, दोरीची एक आणि पट्टीची एक. त्या कुठे आहेत ते फक्त तिलाच माहीत होतं.

रूबेन चालला. अंग जाड झालं होतं, डावा गुडघा कुरकुरत होता, पण पावलं मात्र एकसारखी पडत होती, जणू खाली पायऱ्या होत्या. अठरा. एकोणीस. सायमा मनात म्हणत होती, पुढे जा मामा, आणखी एक पाऊल टाक, मोठं टाक. एकवीस. बावीस. तो थांबला, टाचा जुळवल्या, आणि डोळे न उघडता म्हणाला, "इथे."

त्याच्या बुटांची टोकं दोरीच्या फुलीवर होती. अर्ध्या इंचाचाही फरक नाही.

मग त्याने डोळे उघडले, खाली पाहिलं, मग पुढची फुली पाहिली. तो बुद्धीने मंद नव्हता. दोरी नंतर आखडली असती तर त्याचे पाय पट्टीच्या फुलीवर थांबले असते.

"म्हणजे तेव्हापासूनच," तो म्हणाला.

बाकावर मार्ताने कप खाली ठेवला. मैदान इतकं रिकामं होतं की त्याचा आवाज छतापर्यंत गेला. "मला वाटलं होतं हे माझ्याबरोबरच जाईल," ती म्हणाली.

"काय जाईल?"

"मी सतरा वर्षांची होते. तुम्ही खेळत होतात आणि मला वहीत टिपणं करायला बसवलं होतं. गोल किती, फटके किती, ऑफसाइड किती. पाहुण्या संघांचे ऑफसाइड सामन्याला चौदा-पंधरा यायचे, रूबेन. तेच संघ त्यांच्या घरी खेळले की पाच. जानेवारीपर्यंत मी गप्प होते. मग वही घेऊन बाबांकडे गेले."

"मग?"

"त्यांनी वही पाहिली. बराच वेळ पाहिली. म्हणाले, बर्फ चांगला आहे यंदा. एवढंच. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना इथे बघितलं मी, हातात खाणीतल्या मोजणीदाराची पट्टी, आणि रेघेजवळ गुडघे टेकून बसलेले. उठले आणि निघून गेले. रेघ तिथेच राहिली."

रूबेनचा चेहरा बर्फासारखा झाला. "तू म्हणतेस बाबांनी मुद्दाम केलं."

"मी काही म्हणत नाही. छत्तीस वर्षं म्हटलं नाही. पण त्यांचा मुलगा कप्तान होता, आणि रेघ त्यांच्या हातात होती. आलेला प्रत्येक संघ आपल्या घरच्या सवयीने साठ फुटांवर उभा राहायचा, आपली रेघ चौदा इंच अलीकडे, म्हणून चकती रेघेबाहेर सटकून जायची आणि ती परत आत येईतो त्यांचे गडी आधीच आत. ऑफसाइड. शिट्टी. तुझी टाळी. आणि बाहेरगावी तुमचेच पाय चुकायचे."

"आजोबा असं करणार नाहीत, आई," सायमा म्हणाली. "मला त्यांनी एकदा बर्फाचा अख्खा पट्टा खरवडून पुन्हा करायला लावला होता. एका बुडबुड्यासाठी."

"तो बुडबुडा तुझा होता. हा त्यांचा होता."

रूबेन अजून फुलीवरच उभा होता. मार्ताकडे न बघता तो बोलू लागला, आणि आवाज इतका खाली होता की सायमाला दोन पावलं जवळ जावं लागलं. "म्हणजे त्यांना वाटत होतं मी जिंकणार नाही. असंच ना? आपल्या पोराच्या पायात दम नाही, म्हणून रेघ सरकवली. आणि ब्रूसो." तो थांबला. "अरे देवा. ब्रूसो."

ब्रूसो म्हणजे आल्सीद ब्रूसो, पलीकडच्या किनाऱ्यावरच्या कॉलेजचा बचावपटू. सोळाव्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटात चकती त्याच्या काठीखालून रेघेबाहेर निसटली होती, रूबेनने ती पकडली होती आणि मैदानभर पळत गोल केला होता. त्या दिवसापासून ब्रूसोचं नाव पडलं 'फाटक', आणि ते त्याला नोकरीत, लग्नात, नातवाच्या बारशापर्यंत चिकटून राहिलं. तो मात्र सांगत फिरला की चकती बाहेर गेलीच नव्हती, लार्च बेच्या बर्फात काहीतरी गडबड आहे. रूबेन त्याला दर ख्रिसमसला एक कार्ड पाठवायचा. छत्तीस कार्डं. प्रत्येकावर एकच ओळ: 'रेघ सापडली का?' शनिवारी ब्रूसो पाहुणा म्हणून येणार होता. आमंत्रण रूबेननेच पाठवलं होतं, मजा म्हणून.

"दोरीच ठेवायची," रूबेन एकदम म्हणाला. "सायमा, निळा रंग घे. शुक्रवारच्या माणसाला मी कॉफी पाजतो, गप्पा मारतो, त्याला मोजू देत नाही. एक सामना. फक्त शनिवारचा. मग सोमवारी खरवड आणि हवी तिथे ओढ."

"मामा, त्याने मोजलं तर?"

"नाही मोजणार."

"मोजलं तर सामना रद्द होईल. संघ जाईल. ती वीस पोरं कुठून कुठून आलीयत इथे खेळायला."

"आणि तो फडका गेला तर माझ्याजवळ काय उरतं ते सांग ना," रूबेन म्हणाला. पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं. "संघ मोडला तेव्हा मी प्रशिक्षक होतो. शेवटची चार वर्षं हरतच होतो. लोक रस्त्यात भेटले की कशाबद्दल बोलतात माझ्याशी? अठ्ठावन्नबद्दल. फक्त अठ्ठावन्नबद्दल. दोरी दे."

सायमाने दोरी घट्ट धरली. साडेतीन वाजले होते. दोरीने रेघ ओढली तर मामाची लाज राहत होती आणि तिचा पहिला बर्फ खोटा होत होता. पट्टीने ओढली तर आजोबा लबाड ठरत होते, तिच्याच हाताने.

"रूबेन, मी धुतली ती," मुम्मू म्हणाली.

तिघंही तिच्याकडे वळले. तिने निसूचा तुकडा कॉफीत बुडवला होता आणि तो विरघळून तळाला गेला होता, तरी ती बोटं तशीच धरून बसली होती.

"काय धुतलं, आई?"

"दोरी. सत्तावन्नच्या शरदात. तुझ्या बापाने ती मासळीच्या खोपटातून काढून आणली. वीस वर्षं जाळ्यांना बांधलेली होती, वास असा की मांजरं मागून यायची. आणि दुसऱ्या दिवशी मैदानात कॉलेजच्या अध्यक्षांची बायको येणार होती, नव्या फळ्या बघायला. हातमोजे घालून जेवणारी बाई. मला लाज वाटली. हा सकाळी खाणीवर गेला, तेव्हा मी दोरी साबणात उकळली आणि सौनाच्या गरम वाफेच्या खोलीत वरच्या फळीवर वाळत घातली. मोठा जाळ केला. संध्याकाळी बघते तर आखडून कडक झालेली. ओढली, बादली बांधून टांगली, थोडी आली. मला वाटलं पुरेशी आली."

"आणि त्यांना सांगितलं नाहीस?"

"त्या दोरीला हात लावायची घरात कुणालाच परवानगी नव्हती. तुम्हाला आठवत नाही का? सांगणार होते. मग तुम्ही पहिला सामना जिंकलात. मग दुसरा. मग सांगायची हिंमतच राहिली नाही. आणि मग मार्ताने ती वही दाखवली."

मार्ता हलली नाही.

"पहाटे मोजून घरी आला. मी चूल पेटवत होते. म्हणाला, हेल्मी, दोरीला कुणी हात लावला होता का? मी म्हटलं, नाही." मुम्मूने कप बाजूला ठेवला. "तो म्हणाला, मग गाठ मीच चुकीची मारली. अकरा सामने जिंकून झाले होते तुझे, रूबेन. पोराला काय सांगू म्हणाला. पुढच्या शरदात खिळे उपटायला म्हणून पक्कड घेऊन गेला, वर फडका टांगलेला बघितला आणि तसाच परत आला. मरेपर्यंत त्याला वाटत राहिलं की त्याची गाठ चुकली. अख्ख्या आयुष्यात एकच गाठ. आणि मी वाटू दिलं."

खाली नळ्यांमधून थंडी वाहत असल्याचा बारीक आवाज येत होता, आजोबा कान लावून ऐकायचे तो. सायमाने हातातल्या भेंडोळ्यातली दुसरी गाठ शोधली आणि अंगठ्याने चाचपली. घट्ट होती. अगदी बरोबर, कोळ्याची गाठ. मरायच्या आधी त्यांनी दोरी का दिली आणि काही का बोलले नाहीत, ते तिला आत्ता कळलं. रेघा ओढायला दिली नव्हती. आपली चूक सापडावी म्हणून दिली होती, आणि ती सापडल्यावर सायमा काय करील यावर विश्वास होता म्हणून.

मार्ता उठली आणि आईच्या खांद्यावर आपली शाल टाकली. "छत्तीस वर्षं मी त्यांना लबाड समजत होते," ती म्हणाली. "तुलाच सांगायला हवं होतं मी. तू एका झटक्यात सोडवलं असतंस."

"सोडवलं नसतं," मुम्मू म्हणाली. "मी भित्री होते."

सायमा बाकापाशी आली. दोरी तिने बाकावर, मुम्मूच्या बाजूला ठेवली, आणि पट्टी उचलली. "मामा, मी पट्टीने ओढणार आहे. तुम्ही शनिवारी आलात तरी आणि नाही आलात तरी. पण दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं."

ती गोलरेघेपाशी जाऊन उभी राहिली आणि वाट बघू लागली. मार्ता निघाली होती, पण रूबेनने हात वर करून तिला थांबवलं. तो बराच वेळ दोन फुल्यांच्या मध्ये बघत राहिला. चौदा इंच. माणसाच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतही पुरत नाहीत.

"फडक्यावर 'घरी' लिहिलंय ना?" तो शेवटी म्हणाला.

"हो."

"मग फडका खोटा नाही. घरी होतो, जिंकलो. आमच्या घराचं माप तेवढंच होतं." त्याने घसा साफ केला. "पण सामना सुरू करायची पहिली चकती मी टाकणार नाही शनिवारी. ब्रूसो टाकेल. आणि टाकायच्या आधी मी त्याला सांगेन. माइकवर. सगळ्या गावासमोर."

"लोक हसतील," मार्ता म्हणाली. यात चिडवणं नव्हतं.

"हसू देत. छत्तीस वर्षं त्याला हसले." मग आईकडे वळून म्हणाला, "तुझं नाव घेणार नाही, आई. दोरी भिजली म्हणेन."

"नाव घे," मुम्मू म्हणाली. "आणि त्या अध्यक्षांच्या बायकोचंही घे."

सायमाने पट्टीचं टोक सोडलं, आणि पोलाद सळसळत पांढऱ्यावरून गेलं. रूबेनने वाकून ते पकडलं. गुडघा कुरकुरला. त्याच्या बुटांची टोकं अजून जुन्या फुलीवरच होती, जणू बर्फाने धरून ठेवली होती.

"आणखी पुढे, मामा."

त्याने एक पाऊल टाकलं. अर्धं पाऊल म्हणा. नव्या फुलीवर उभा राहिला, सवयीने मैदानाच्या मध्याकडे पाठ केली, काठी धरल्यासारखे हात पुढे आले, आणि मग जागा परकी वाटल्यासारखे पुन्हा खाली गेले.

"साठ," सायमा म्हणाली. "बरोबर साठ." तिने निळ्या रंगाचा डबा उघडला. चारला दहा कमी होते. "यंदाच्या कार्डावर काय लिहिणार?"

रूबेन पायांखालच्या फुलीकडे बघत होता.

"सापडली," तो म्हणाला.